रविवारची ओहोटी

भिवंडीस लोक कापडासाठी जातात, गोदामांतील नोकरीसाठी जातात, वज्रेश्वरीच्या वाटेवर म्हणूनही जातात. गळ घेऊन जाणारा मी एकटाच असेन अशी माझी समजूत होती. तेथे पोहोचल्यावर कळले की दर रविवारी पंधरा-वीस जण जातात. या प्रवासात जे काही घडले ते त्यामुळेच घडले.

मी भंडाऱ्याचा. बत्तीस वर्षे शाळेत शिकविले. माझे यजमान युसूफभाई जुने भिवंडीकर. त्यांचे लूम चालू होते तेव्हा ते कापड घेऊन विदर्भात फिरत. एकदा त्यांची बस चुकली आणि दुसरी येईपर्यंत ते आमच्या तलावाकाठी माझा गळ पाहत बसले. दोन तास एक शब्द बोलले नाहीत. असा माणूस मला क्वचितच भेटला होता, ओळख टिकली. "मास्तर, तळ्यात काय गळ टाकता, खाडीवर या," असे ते वर्षानुवर्षे म्हणत आले. या हिवाळ्यात गेलो आणि नऊ दिवस राहिलो.

खाडीकाठच्या ज्या गावाविषयी लिहीत आहे त्याचे नाव देत नाही. ते मानकोलीच्या पुढे आहे, एवढे पुरे. हे वाचून आणखी वीस जण तेथे निघाले तर दोष माझा होईल.

शनिवार, भिवंडी

युसूफभाईंनी स्वतःचे लूम विकले आहेत. शेजारच्यांचे अजून चालतात. भिंतीपलीकडचा खडखडाट पहिला तासभर असह्य वाटला. नंतर तो थांबला तेव्हा मी दचकलो. युसूफभाई म्हणाले, "शिफ्ट बदलली. आता दहा मिनिटं शांती. जे बोलायचं ते बोलून घ्या."

जेवणात तांदळाची भाकरी आणि नारळाच्या दुधातील कोळंबी होती. आमच्याकडे झिंगे मिळतात, परंतु त्यांना असा मान मिळत नाही. भाभींनी तिसऱ्यांदा वाढले. मी नको म्हणालो. "मास्तर, नापास करू नका," त्या म्हणाल्या. मी खाल्ले.

रविवार, उघाडीवर

मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरांची रांग असते. तिच्यातून रिक्षा काढण्यास पाऊण तास लागला. नाका ओलांडून एका गोदामाच्या मागे वळलो आणि आवाज एकाएकी संपला. पुढे मातीचा बांध होता. बांधाच्या एका अंगास खाजणाची खारी दलदल, दुसऱ्या अंगास खाडी. मध्ये पाणी सोडण्याचे दार. त्यास येथे उघाडी म्हणतात. भरतीस दार आपोआप मिटते. ओहोटी लागली की उघडते आणि आत अडकलेले पाणी जोराने खाडीत पडते. त्या पाण्याबरोबर लहान मासे येतात आणि त्यांना खाण्यासाठी जिताडा दाराशी येऊन थांबतो. जिताडा हा खाडीतील राजा. त्याच्यासाठी जाळेवालेही येतात आणि गळवालेही.

दारापासून चार हात अंतरावर एक बाई जाळ्याच्या खुंट्या ठोकीत होत्या. वय साठीच्या पुढे, गुडघ्यापर्यंत चिखल, नेसू घट्ट खोवलेले. त्या हिराबाई.

"हिराबाय, पाहुणा आणलाय," युसूफभाई म्हणाले. "भंडाऱ्याचे मास्तर. बसू का?"

त्यांनी माझ्याकडे न पाहता माझ्या गळाकडे पाहिले. "बसू दे. जाल्यापासून लांब." येथील बोलीत ळ चा ल होतो आणि ड चा र, हे मला हळूहळू कळले.

परवानगी का मागावी लागते, ते युसूफभाईंनी बांधावर बसून सांगितले. ही उघाडी गावातील सात घरांची. सात घरे, सात वार. ज्या घराचा वार, त्या दिवसाची ओहोटी त्या घराची. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा हिराबाईंच्या सासऱ्यास रविवार मिळाला. आता उरलेल्या सहा घरांतील मुले वडप्याच्या गोदामांत ड्युटीला जातात. सोमवार ते शनिवार दारातून पाणी पडते आणि जाळे कोणी लावीत नाही.

"मग या सातही दिवस का लावीत नाहीत?" मी विचारले.

"विचारून बघा," युसूफभाई हसले.

मी विचारले. हिराबाई खुंटीवर घाव घालीत म्हणाल्या, "दुसऱ्याची वोटी कनाला घ्यायची?" वोटी म्हणजे ओहोटी, कनाला म्हणजे कशाला.

आमच्याकडे तलावास पाळ, म्हणजे बांध असतो. कोणाचा ठेका कोठपर्यंत, हे बोट दाखवून सांगता येते. मी मच्छीमार सोसायटीकडून परवानगी घेतो आणि नेमल्या काठावर बसतो. खाडीस काठ आहे, पण तो दिवसातून दोनदा जागा सोडतो. म्हणून येथील माणसांनी पाणी वाटले नाही, वेळ वाटली. हा विचार मला आवडला. बत्तीस वर्षे मुलांना वेळ आणि अंतर शिकविले, पण हे उदाहरण मला कधी सुचले नव्हते.

दोनच्या सुमारास मोटारी आल्या. ठाण्याचे, मुंबईचे लोक. महागडे गळ, टोप्या, पाण्याच्या बाटल्या. त्यांचा पुढारी समीर नावाचा बँकेतील तरुण अधिकारी. बोलण्यास अदबशीर. ते बांधावर पसरले आणि गळ फेकू लागले. हिराबाईंच्या जाळ्यात दोनदा गळ अडकला. दुसऱ्या वेळी एकाने चाकू काढून दोरीऐवजी जाळेच कापले. हिराबाईंनी पाण्यात उतरून गाठ मारली. शिवी दिली नाही. दिली असती तर बरे झाले असते असे वाटले.

साडेतीनला माझ्या गळास जिताडा लागला. चार किलोंचा तरी असावा. वीस मिनिटे झुंजला. वर घेतला, गळ काढला, दोन्ही हातांनी पाण्यात धरला आणि सोडून दिला. समीरच्या मंडळींनी टाळ्या वाजविल्या. "काका, तुम्ही खरे गळवाले," तो म्हणाला. मलाही तसेच वाटले, हे लिहून ठेवतो.

मागे वळलो तर हिराबाई उभ्या होत्या.

"सोरला?"

"होय."

"कनाला?"

मी म्हणालो की मी मासे नेत नाही. पत्नी गेल्यापासून घरी करणारे कोणी नाही.

 त्या म्हणाल्या, "तं मना द्याचा."

 त्या दिवशी त्यांच्या जाळ्यात बोयटे नावाचे लहान मासे आणि थोडी कोळंबी आली. जिताडा आला नाही.

सोमवार, मोहल्ल्यात

सकाळी दारावर हाक आली. हिराबाई आठवड्याचे इतर दिवस चिखलात उड्या मारणारे लहान मासे, म्हणजे निवट्या, आणि चिंबोऱ्या वेचून या मोहल्ल्यात विकतात. टोपली उतरवून त्यांनी वरचे फडके काढले. निवट्यांच्या कडेला पानात गुंडाळलेला जिताडा होता.

"मास्तर, वलख पटतं का?"

पटली. घशाच्या आत गळाची जखम होती. गळ मी घाईने काढला होता. वीस मिनिटे खेळविलेला मासा थकून गेला होता, हेही मी जाणत होतो. तो पोहत गेला, एवढेच मी पाहिले होते.

"उघारीच्या मांगं चिखलात व्हता. रातीच मेलाय. इकता आला असता, पन इकला न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमचा हाय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपण विद्यार्थ्याच्या चुकीवर तांबडी रेघ मारतो, तेव्हा राग नसतो. तसे ते होते. मी पैसे देऊ केले. त्यांनी टोपली उचलली. युसूफभाई मला आत बोलावून हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, हे पैशाने होत नाही."

तो खाण्यास माझे मन धजेना, म्हणून मासा आम्ही परसात पेरूच्या झाडाखाली पुरला. इतकी वर्षे मी मासे सोडीत आलो. त्यांतील किती जगले, हे मी कधी विचारले नव्हते.

मंगळवार, अकलोली

युसूफभाईंचे गुडघे दुखतात, म्हणून अकलोलीच्या गरम कुंडांवर गेलो. वडप्याजवळ एकास एक लागून गोदामे आहेत. मध्येच एखादे जुने कौलारू घर, अंगणात तुळस आणि फाटकाशी चौदा चाकांचा ट्रक. जमीन ज्यांची होती ते घरमालक झाले आहेत. ज्यांची नव्हती ते आत पेट्या उचलतात.

कुंडांत कमी-अधिक गरम पाणी असते. मी सर्वांत जवळच्या कुंडात सरळ पाय घातला आणि तितक्याच सरळपणे बाहेर काढला. पाय लाल झाला. काठावरची एक म्हातारी म्हणाली, "अवो, आधी बोट लावून बघावं." युसूफभाई तोंडावर टॉवेल धरून हसत होते. उरलेला दिवस मी एक चप्पल हातात घेऊन चाललो.

तेथेच समीरचा फोन आला. माझा क्रमांक त्याने युसूफभाईंकडून घेतला होता. गुरुवारी गावात बैठक होती. त्याच्या मंडळींचे म्हणणे असे: रविवारी उघाडीवर जाळे लावू नये. गावास त्याबद्दल देणगी मिळेल, समाजमंदिराचे छप्पर होईल. गावातील बहुतेक घरे राजी होती. एकट्या हिराबाई नाही म्हणत होत्या.

"काका, तुम्ही या," तो म्हणाला. "आम्ही एकही मासा नेत नाही, सोडून देतो, हे त्यांना पटत नाही. तुमच्यासारख्या अनुभवी माणसाने सांगितलं तर पटेल."

मी येतो म्हणालो.

परतताना युसूफभाईंना विचारले की हिराबाईंनी दुसरा वार घेतला तर काय बिघडेल. ते म्हणाले, "जिताडा रविवारचा मासा आहे, मास्तर. सोमवारी हिंदू घेणार नाही, गुरुवारी नाही, शनिवारी नाही. बाकीचे दिवस घरोघर साधी, स्वस्त मासळी. रविवारी चांगला मासा मागतात. तिचा आठवडा त्या एका ओहोटीवर चालतो. नवरा अंथरुणाला आहे. ती ओहोटी गेली तर तिने निवट्या वेचत मरायचं." 

गुरुवार, समाजमंदिर

बैठकीस तीस-चाळीस माणसे होती. मध्ये बाळाराम पाटील बसले होते. त्यांच्या जमिनीवर दोन गोदामे आहेत. उघाडीचा बुधवार त्यांच्या घराचा. माणूस वाईट नव्हता. त्यांना भांडण मिटवायचे होते आणि छप्परही हवे होते.

समीर नीट बोलला. त्याने सांगितले की पाणी सर्वांचे आहे. आम्ही खेळासाठी येतो, पोट भरण्यासाठी नाही, म्हणून आमच्यामुळे मासा कमी होत नाही. जाळे मात्र लहान-मोठे सर्व घेते. त्यातील शेवटचे वाक्य अगदीच खोटे नव्हते.

हिराबाई दाराजवळ बसल्या होत्या. बाळारामांनी विचारले, "काय बोलतंस, वैनी?"

"काय बोलायचाय? माजा रविवार हाय."

"अगं, तुला बुधवार देतो. माज्या घरचा. आन् शुक्रवार बी देतील. दोन घे एकाच्या बदली. दोन्ही खानाऱ्यांचे वार."

"मना नको."

"नको कनाला? मोकलाच परलाय."

"मोकला न्हाय. तुज्या परशाचा हाय तो." त्या पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. "उद्या गोदामातून कारला परशाला, तं खयं जाईल? उघारीवर येल ना? तवा मी काय सांगू, तुज्या बापानं इकला?"

 परशा म्हणजे बाळारामांचा मुलगा. तोही तेथे होता, कामाचा निळा शर्ट घालून. तो जमिनीकडे पाहू लागला. तेव्हा मला समजले, सहा घरांच्या ओहोट्या रिकाम्या वाहून जातात ते आळसामुळे नव्हे. ही बाई सहा घरांच्या जागा राखून बसली आहे.

समीरने माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो. शाळेतील सवयीने शांतता होईपर्यंत थांबलो.

मी म्हणालो, "मी पन्नास वर्षे गळ टाकतो. गेली काही वर्षे मासे सोडून देतो आणि त्याचा मला अभिमान होता. गेल्या रविवारी मी एक जिताडा सोडला. या मंडळींनी टाळ्या वाजविल्या. तो मासा रात्री मेला. ज्या बाईंची ती ओहोटी होती, त्यांनी तो माझ्या दारात आणून दिला. मी काहीच नेत नाही, हे खरे नव्हते. मी त्यांचा जिताडा नेला आणि कोणालाच दिला नाही. यापेक्षा जास्त मला ठाऊक नाही."

मी बसलो. समीरचा चेहरा उतरला. त्याने मला साक्षीस आणले होते आणि साक्ष उलटली होती. त्याचे वाईट वाटले. पण साक्ष खरी होती.

पुढचा तासभर गोंधळ झाला. एक जण म्हणाला, गळवाल्यांना बंदच करा. आणखी एकाने छपराची आठवण काढली. कोणीतरी म्हणाले, "मास्तरची मासली बंद करा, भाजी खाऊ घाला, तवा गप बसेल." लोक हसले, मीही हसलो असेन. तोडगा हिराबाईंनीच काढला, आणि तो नवा नव्हता. गावात जाळे नसलेला माणूस दुसऱ्याच्या ओहोटीवर गळ टाकून बसला तर हातभर मोठ्या माशाचा अर्धा वाटा ओहोटीवाल्याचा, असा जुना रिवाज होता. वाटा करताना एकाने कापायचे, दुसऱ्याने निवडायचे.

"तसा बसा," त्या समीरला म्हणाल्या. "पल्याडच्या अंगाला. जाल्यावर गल टाकाचा न्हाय. मोठा घावला तं सोराचा न्हाय, आनाचा. मी कापीन, तुमी निवरा."

"आणि लहान?" समीरने विचारले.

"ल्हान सोरा. त्याला गल घशात जात न्हाय, व्हटातच ऱ्हातो. तो जगतो." पुढे म्हणाल्या, "जाल्यातला ल्हान मी बी सोरीन. बोललास ते खरा हाय."

समीरने आपल्या मंडळींकडे पाहिले. पाच-सहा जणांनी मान डोलावली. बाकीचे उठून मोटारींकडे गेले. देणगीचा विषय पुन्हा निघाला नाही. बाळाराम छताकडे पाहत म्हणाले, "गलू दे अजून एक पावसाला."

रविवार, पुन्हा उघाडीवर

परतीची गाडी रात्रीची होती. सकाळी उघाडीवर गेलो. अष्टमीच्या आसपासचे पाणी. यास येथे भांग म्हणतात. पाण्यास जोर नसतो. मोठा मासा लागण्याची आशा कोणासच नव्हती.

गळवाले सहाच आले. ते बांधाच्या पलीकडच्या बाजूस ओळीने बसले. परीक्षेस बसलेली मुले जशी बसतात तशी. हिराबाईंनी जाळे लावले, हात धुतले आणि ओळीवरून फिरल्या. एकास म्हणाल्या, "सावली पान्यावर परतं. मांगं सरा." दुसऱ्याच्या गळाची दोरी बोटाने तपासली आणि नाक मुरडले. समीरजवळ थांबल्या.  त्याच्या बाटलीतील पाणी मागून प्यायल्या आणि पुढे गेल्या.

मी गळ उघडला नाही. युसूफभाईंनी विचारले, "बसायचं नाही?" मी म्हणालो, आज पाहतो.

दहा-साडेदहापर्यंत लहानसहान मासे लागले आणि सोडले गेले. दार अर्धे उघडे, पाणी संथ. मग समीरचा गळ वाकला. मासा मोठा नव्हता, अडीच-तीन किलोंचा जिताडा. पण हातभर नक्कीच होता. त्याने वर घेतला. सवयीने दोन्ही हातांनी तो पाण्याकडे वाकला. मग तसाच थांबला.  मासा धडपडत होता. समीर उठला, बांधावरून चालत आला आणि मासा हिराबाईंच्या पुढ्यात ठेवला.

हिराबाईंनी विळी घेतली. कापण्यापूर्वी बराच वेळ मासा हातांत फिरविला. पाते एकदा पोटाशी लावले, मग दोन बोटे शेपटीकडे सरकविले, पुन्हा एक बोट मागे आणले. आम्ही सर्व पाहत होतो. खाडीकाठच्या घरांत जिताड्याच्या डोक्यास मोल असते. डोक्याचे कालवण घरातील थोर माणसास देतात. त्यामुळे डोक्याचा भाग आखूड ठेवला तरी तो बरोबरीचा होतो. हा हिशेब त्या करीत होत्या. शेवटी त्यांनी तिरका घाव घातला आणि दोन्ही वाटे केळीच्या पानावर ठेवले. शेपटीकडचा वाटा पाहताच मोठा दिसत होता.

"निवरा."

समीर खाली बसला. दोन्ही वाट्यांकडे त्याने पाहिले. नंतर एकदा हिराबाईंकडे पाहिले. त्यांनी तोंड खाडीकडे वळविले होते.

त्याने शेपटीकडचा वाटा उचलला.

हिराबाईंनी डोके टोपलीत ठेवले, वर ओले फडके घातले आणि कडा चारी बाजूंनी खोचल्या. तापलेल्या मुलास पांघरूण घालावे तशा. "म्हाताऱ्याला डोकाच आवरतं," त्या कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाल्या. त्यांचा नवरा अंथरुणास आहे, हे मला युसूफभाईंकडून कळले होते. त्यांच्या स्वतःच्या तोंडून त्याचा हा पहिलाच उल्लेख.

समीरने मांस जास्त दिसले म्हणून तो वाटा घेतला, की डोक्याचे मोल त्यास ठाऊक होते, ते मी विचारले नाही. हिराबाईंनीही विचारले नाही. त्या पदराने हात पुसून जाळे काढण्यास उतरल्या. समीर आपला वाटा पानात गुंडाळून काठावर थोडा वेळ उभा राहिला. मग चपला काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, तोही जाळ्याचे दुसरे टोक धरण्यास चिखलात उतरला.